वाटीतला तीन

जानेवारीतला शेवटचा रविवार होता. आदल्या दिवशी घरी हळदीकुंकू झालं होतं, भांड्यांचा ढीग उपसून हात भरून आलेले, त्यामुळं मी आणि सई, आम्ही दोघीच दुपारी जेवायला बाहेर गेलो. खानावळीतली गर्दी ओसरली होती, तीन वाजत आलेले, आणि पश्चिमेच्या खिडकीतनं ऊन तिरकं टेबलावर पडलेलं. ताट आलं. सुकं, भाकरी, कांदा, लिंबाची फोड आणि दोन वाट्या, एक तांबड्याची, एक पांढऱ्याची. सईला पांढरा म्हणजे जीव की प्राण. अर्धी वाटी तिनं तोंडाला लावून संपवली, वाटी खाली ठेवली आणि आत बघत बसली. मग म्हणाली, "आई, वाटीत तीन पडलाय."

मला वाटलं काहीतरी पडलंय, म्हणून घाईनं वाकून बघितलं, तर खरंच तीन होता. आपला मराठी तीन, शेपूट नसलेला. दोन फुगीर कमानी, त्या जिथं एकमेकींना मिळतात तिथं एक टोकदार चोच, आणि ती चोच खिडकीकडं तोंड करून. रश्श्याच्या पांढऱ्यावर ती उजेडाची रेघ इतकी धारदार होती की कुणी सुईनं ओढलीय असं वाटावं. वाटीच्या मध्याकडच्या अंगाला एकदम तुटल्यासारखी अंधारी कड, भिंतीकडच्या अंगाला मात्र उजेड हळूहळू विरत गेलेला.

"रिफ्लेक्शन आहे गं स्टीलचं. जेव, गार होतंय."

ती भाकरी मोडायला लागली. दोन घास खाल्ले, मग डाव्या हाताच्या बोटानं वाटी हळूहळू फिरवली, पूर्ण एक फेरा. "पण आई, वाटी फिरतीय, तीन फिरतच नाही. मग तो वाटीचा कसा?"

"असतं तसं," मी म्हटलं.

असतं तसं. हे दोन शब्द तोंडातनं गेले आणि पुढचं जेवण मला गोड लागलं नाही. पोरगीनं एवढं नीट बघितलं होतं, नुसतं बघितलं नव्हतं तर वाटी फिरवून तपासलं होतं, आणि मी तिला हातानं झटकून टाकावं तसं झटकून टाकलं. गाडीवरनं घरी येताना ती मागं बसून शाळेतलं काहीतरी सांगत होती, मी हं हं करत होते, आणि डोक्यात एकच, की हे वाक्य मी पहिल्यांदा म्हणत नाहीये. शब्द थोडे वेगळे होते, पण असंच वाक्य मी अजून एकाच्या तोंडावर टाकलं होतं, बावीस वर्षांपूर्वी, आणि तेही याच रेघेबद्दल.

आण्णा, माझे वडील, लेथवर होते, धातू गरगर फिरवून कापायच्या यंत्रावर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, एका छोट्या वर्कशॉपमध्ये, आयुष्याची तीसेक वर्षं. घरी आले की अंगाला कूलंटचा तो आंबूस तेलकट वास, नखांच्या कडेला काळी रेघ जी रविवारी रिठ्यानं घासूनही जायची नाही, आणि शर्टाच्या खिशात हमखास एखादी पितळी चकलीसारखी वळलेली किस. त्यांचं काम बहुतेक गनमेटलच्या बुशचं आणि रिंगांचं. गनमेटल म्हणजे पितळेचा भाऊ, जरा तांबूस, आणि फिनिश कट मारला की आतनं असा झळकतो की बघत राहावं. मी पाचवी-सहावीत असेन, मे महिन्यात कधी कधी डबा द्यायला जायचे. एकदा ते वर्कशॉपच्या दारात उकिडवे बसलेले, समोर फरशीवर ग्राफपेपर, त्यावर रिंग, आणि सकाळचं ऊन तिरकं रिंगेत. कागदावर हाच तीन. गनमेटलमुळं चांगला हळदीच्या रंगाचा.

रिंग ते दोन बोटांनी फिरवत होते, अगदी सावकाश, चोचीवरनं नजर न हलवता. मी विचारलं काय करताय, तर म्हणाले, "गोल हाय का बघालोय." व्यास मापायला व्हर्नियरची मोजपट्टी आहे की मग, असं मी म्हटल्यावर त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. पातळ रिंग लेथच्या चकात, म्हणजे तीन जॉच्या पकडीत धरली की तीन ठिकाणी दाबली जाते. दाबलेल्या अवस्थेत तू आतनं बोअर मारतेस, म्हणजे आतलं भोक कापतेस, बोअर होतो अगदी गोल. मग चक सैल केला की रिंग श्वास सोडल्यासारखी मोकळी होते, आणि आतला गोल बिघडतो, तीन ठिकाणी हलकासा फुगतो, तीन ठिकाणी बसतो. आणि गंमत अशी, एका बाजूला जिथं फुगवटा तिथं बरोबर समोरच्या बाजूला बसका भाग, म्हणून व्यास कुठूनही माप, तेवढाच भरतो. "वर्नियर फसतो बघ त्यात. रेघ फसत न्हाई. रिंग गोल असंल तर कितीबी फिरव, रेघ जागची हलणार न्हाई. रेघ उन्हाची हाय, रिंगंची न्हाई."

हे सगळं त्यांनी कुठं वाचलं नव्हतं. त्या लाइनीत बाकी कुणी असं करताना मी बघितलं नाही, तिथं डायल गेज होता, ऑफिसातनं येणारा इन्स्पेक्शनवाला होता. हे आण्णांचं एकट्याचं होतं. आता मी गणित मांडून बघितलंय तेव्हा कळतंय की त्यांची पद्धत किती तिखट होती. भिंत एक दशांश मिलिमीटर आत-बाहेर असली तरी तिची गोलाई त्या मानानं खूप बदलते, आणि चोच बसते ती त्या गोलाईवर, त्यामुळं चोच त्याच्या कितीतरी पट जास्त सरकते. म्हणजे डोळ्याला न दिसणारी चूक ऊन मोठी करून कागदावर टाकतं.

आणि अशा माणसाला मी काय सांगितलं होतं.

टी. वाय. ला, म्हणजे शेवटच्या वर्षाला होते मी, बी. एस्सी. फिजिक्स. आमच्या ऑप्टिक्सच्या तासाला सरांनी फळ्यावर हाच तीन काढला आणि नाव सांगितलं नेफ्रॉइड. मला काय आनंद झाला होता. घरी धावत येऊन आण्णांना सांगितलं, तुमच्या रेघेला नाव आहे, नेफ्रॉइड म्हणतात, किडनीच्या आकाराची म्हणून. आण्णा खूश झाले, दोनतीनदा म्हणून बघितलं, नेफराइड. आणि मग दोन दिवसांनी, मी जर्नल पूर्ण करत बसलेले, सबमिशन उद्यावर, ते चहाचा कप घेऊन समोर येऊन बसले. हातात ग्राफपेपर. "नव्वदचा बोअर हाय. टोक मध्यापासनं साडेबावीसवर येतंय. साठचा घेटला तर पंधरावर. म्हंजी मध्य आणि भिंत यांच्या बरोब्बर निम्म्यात. नेमकं निम्म्यातच का थांबतंय गं ते?"

"फॉर्म्युलाच तसा आहे आण्णा."

ते "असंल" म्हणाले. व्हर्नियरचे जॉ धोतराच्या फडक्यानं पुसले, त्याच्या आतनं हिरवं मखमल लावलेल्या लाकडी पेटीत ठेवला, कडी लावली. परत कधी विचारलं नाही. खरं म्हणजे मला उत्तर माहीतच नव्हतं. मला समीकरण पाठ होतं. त्यांनी मोजून काढलेला प्रश्न होता आणि माझ्याकडं त्याचं नाव होतं फक्त, आणि मी त्या नावावर वेळ मारून नेली. आण्णा जाऊन आता नऊ वर्षं झाली.

त्या आठवड्यात गावात अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव होता, मावळतीचं ऊन थेट देवीच्या मूर्तीवर येतं तो. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, तसाच नोव्हेंबरात ९, १०, ११ ला. ते दिवस आले की संध्याकाळी सगळ्या कोल्हापूरचं लक्ष मावळतीकडं. ढग आहेत का, धूळ किती आहे, मधे कुणाच्या गच्चीचा कोपरा तर येत नाही ना, आणि मग रात्री एकमेकांना विचारायचं, आज किरणं कुठवर आली? मी पहिल्या दिवशी गेले होते. महाद्वारातनं आलेला तो उन्हाचा पट्टा फरशीवरनं सरकत सरकत पितळी उंबरठ्यापर्यंत येतो, मग चांदीच्या उंबरठ्यापर्यंत, गर्दी एकदम गप्प होते, आणि पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. लहानपणापासनं बघते तरी अंगावर काटा येतो. उजेड सरळ चालतो ह्या एका गोष्टीवर कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी अख्खं देऊळ तोललंय. मी हात जोडून उभी होते आणि मनात सईचा तीन. हाच सरळ चालणारा उजेड, एकही किरण कुठं वाकत नाही, वाटीच्या भिंतीवर आपटतो आणि परत सरळच जातो. मग त्या सगळ्या सरळ रेषांमधनं ही वाकडी रेघ येते कुठनं?

घरी आले, सई झोपली, आणि मी तिच्या चित्रकलेच्या वहीचं मागचं पान उघडून कंपासनं दहा सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं. बावीस वर्षांनी.

डावीकडनं समांतर रेषा ओढल्या, त्या उजव्या भिंतीवर जिथं लागतात तिथनं कोनमापकानं मोजून परत फिरवल्या. पाचसहा रेषांपर्यंत नुसता पसारा. पंधरावीस झाल्यावर एकदम, कुणी न काढता, तो तीन वर आला. मी एकही वाकडी रेषा काढली नव्हती. आणि नीट बघितलं तर त्या तीनवरनं जाणारी एकही रेषा कागदावर नव्हती. प्रत्येक रेषा येते, एका ठिकाणी त्याला चाटून जाते आणि आपल्या वाटेनं पुढं निघून जाते. शेजारची रेषा जरा पुढं चाटून जाते. शेजारशेजारच्या रेषा जिथं एकमेकींना छेदतात तिथं त्यांची दाटी, आणि ती दाटी म्हणजेच ती उजेडाची रेघ. तीनच्या मध्याकडच्या अंगाला परत फिरलेल्या रेषा एकदम विरळ होतात, म्हणून तिथं ती तुटल्यासारखी काळी कड. खानावळीत डोळ्यांनी बघितलेलं पेन्सिलीनं परत तसंच उमटताना बघून मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

मग आण्णांचा प्रश्न. निम्म्यातच का. समीकरण न आठवायचं ठरवलं. मध्यबिंदूला म म्हटलं, किरण भिंतीवर लागतो त्या जागेला क, आणि परत फिरून तो मधली आडवी रेषा जिथं छेदतो त्याला प. म पासनं क पर्यंतची त्रिज्या म्हणजे भिंतीवरचा तिथला लंब. किरण त्या लंबाशी जेवढा कोन करून आला तेवढाच करून परत जाणार. येणारा किरण मधल्या रेषेला समांतर, म्हणजे म जवळचा कोनही तेवढाच, व्युत्क्रम कोन. मग म, प, क ह्या त्रिकोणाचे दोन कोन सारखे झाले. दोन कोन सारखे म्हणजे दोन बाजू सारख्या. मप आणि पक. समद्विभुज त्रिकोण, बस. आता किरण मधल्या रेषेच्या अगदी जवळनं आला असेल तर हा त्रिकोण इतका चपटा होतो की म, प, क जवळपास एका ओळीत येतात, आणि दोन सारख्या बाजूंची मिळून होते एक त्रिज्या. म्हणजे प निम्म्यात. दुसरीकडं कुठं जाणारच नाही तो.

आठवीतलं गणित आहे हो हे. आण्णा आठवी पास होते.

मी हे त्यांना चहा संपायच्या आत समजावून सांगू शकले असते. कप बाजूला सारून, त्याच ग्राफपेपरवर. त्यांनी पेन्सिल कानावरनं काढून स्वतः दुसरी बाजू मोजून बघितली असती, मला माहितीय.

रात्री दीडपर्यंत मी आकडे काढत बसले. लंबाशी दहा अंशाचा कोन करून आलेला किरण मधली रेषा मध्यापासनं ५.०८ सेंटिमीटरवर छेदतो. वीस अंशाचा ५.३२ वर. तीस अंशाचा ५.७७. म्हणजे पहिल्या वीस अंशांतले सगळेच्या सगळे किरण जेमतेम तीन मिलिमीटरच्या पट्टीत येऊन दाटतात, म्हणून चोच एवढी लखलखीत. पुढं मात्र ते झपाट्यानं भिंतीकडं पांगत जातात, आणि साठ अंशाला त्रिकोण होतो समभुज, तिन्ही बाजू दहा, किरण थेट भिंतीवरच जाऊन टेकतो. साठ अंशाचा तो समभुज त्रिकोण कागदावर अवचित समोर आला तेव्हा मला अंधारात देवळाचा कळस दिसावा तसं झालं.

ह्या रेघांना इंग्रजीत कॉस्टिक म्हणतात. आपल्याला कॉस्टिक म्हटलं की कॉस्टिक सोडा आठवणार, आण्णांच्या वर्कशॉपमध्ये मागच्या बाजूला तेलकट जॉब धुवायची टाकी असायची, तिथं आम्हा पोरांना फिरकायची बंदी होती. शब्द तोच आहे, मूळ ग्रीक, जाळणारं ह्या अर्थाचा. सोडा कातडी जाळतो म्हणून, आणि ही रेघ तिथं ऊन एवढं दाटतं की जाळू शकेल म्हणून. जर्मन गणिती चिर्नहाउस, ज्यानं १६८२ मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढं ह्या वक्रांचा अभ्यास मांडला, तो स्वतः तांब्याचे मोठाले अंतर्गोल आरसे करून घेणारा, उन्हानं पदार्थ वितळवून बघणारा माणूस होता. वाचून मला त्याच्याबद्दल एकदम आपलेपणा वाटला, कारण हा नुसता कागदावरचा माणूस नव्हता, धातूला हात लावलेला होता. वाटीतला तीन म्हणजे नेफ्रॉइडचा अर्धा भाग हे डच शास्त्रज्ञ हायगेन्सनं १६७८ मध्ये दाखवलं, १६९० मध्ये ते त्याच्या प्रकाशावरच्या पुस्तकात छापून आलं. नेफ्रॉइड हे नाव मात्र फार उशिरा, १८७८ मध्ये, प्रॉक्टर नावाच्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं दिलं. म्हणजे दोनशे वर्षं लोक ह्या रेघेला नीट ओळखत होते, तिचा हिशोब मांडत होते, आणि तिला हे नाव नव्हतं. टी. वाय. ला हे मला कुणी सांगितलं असतं तर नावाचा तोरा मी एवढा मिरवला नसता.

दुसऱ्या दिवशी सईला सगळं दाखवलं. ती सहावीत, व्युत्क्रम कोन अजून लांब आहेत, म्हणून कागदाचा त्रिकोण कापून, मधोमध दुमडून, दोन कोन एकमेकांवर बसले की दोन बाजूही बसतात असं दाखवलं. तिच्या प्रश्नाचं उत्तरही आधी दिलं. वर्तुळ कसंही फिरवलं तरी वर्तुळच, उन्हाच्या दृष्टीनं काहीच बदललेलं नसतं, म्हणून तीन जागेवर. तिनं लगेच स्वयंपाकघरातनं चार भांडी आणली. सरळ भिंतीच्या डब्यात दूध घातल्यावर सगळ्यात स्वच्छ तीन आला. तिरक्या भिंतीच्या पेल्यात जरा ओढल्यासारखा. बॅटरी लांबनं मारली तर तीन, आणि अगदी डब्याच्या काठाला टेकवून मारली तर चक्क बदाम, त्याला कार्डिऑइड म्हणतात. तांबड्यात का दिसला नव्हता हेही तिनंच काढलं, तर्री चमकते म्हणून, वरचा तवंग आरशासारखा उजेड भलतीकडंच पाठवतो. पांढरा दुधासारखा, त्याच्यावर पडेल ते दिसतं. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीखालनं काढलेलं दूध पेल्यात देतात, त्यावरचा फेस फुंकून बाजूला केला की तिथंही असतो तीन, मी नंतर मुद्दाम जाऊन बघितलं.

एकदा नजरेला सापडलं की मग ते सगळीकडं दिसायला लागतं. रविवारी सकाळी रंकाळ्यावर गेलो, पायऱ्यांवर वीतभर पाणी, आणि तळाच्या दगडांवर ती सोनेरी जाळी हलत असते ना, उजेडाच्या दोऱ्या जुळतात, तुटतात, परत जुळतात, ती पण हीच. तिथं भिंतीवरनं परत फिरण्याऐवजी पाण्याच्या लाटांमधनं वाकून आत शिरलेले किरण, एवढाच फरक. लाट कुठं फुगलेली, कुठं बसकी, आण्णांच्या बिघडलेल्या रिंगेसारखी, आणि तिचा सगळा वाकडेपणा खाली दगडावर लिहिलेला. सई पायरीवर बसून किती वेळ बघत होती. निर्माल्याच्या पिशव्या तरंगत होत्या बाजूला, ते बघवत नव्हतं, पण जिथं पाणी मोकळं होतं तिथं जाळी होती.

आणि इंद्रधनुष्य. ते मला सगळ्यात उशिरा कळलं आणि सगळ्यात जास्त आवडलं. थेंबात शिरलेला किरण आत एकदा परततो आणि बाहेर येतो. थेंबाच्या मध्यापासनं कडेकडं जावं तसा बाहेर पडायचा कोन वाढत वाढत साधारण ४२ अंशाला जातो आणि तिथनं उलटा फिरतो. झोपाळा टोकाला गेला की जरा थबकतो तसा. त्या थबकण्यापाशी किरणांची दाटी, आणि ती दाटी म्हणजे धनुष्य. फ्रेंच गणिती देकार्तनं हा हिशोब १६३७ मध्ये छापला. म्हणजे पन्हाळ्यावरनं पावसाळ्यात संध्याकाळी आपण जे बघतो आणि फोटो काढतो, तो वाटीतल्या तीनचाच नातेवाईक. धनुष्याच्या आतल्या कडेला कधी कधी फिकट गुलाबी-हिरवट पट्टे दिसतात, ते नुसत्या किरणांच्या हिशोबात बसत नव्हते. किरणांचा हिशोब तर म्हणतो की त्या रेघेवर उजेड अनंत असायला पाहिजे, जे शक्यच नाही. ते कोडं इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एअरीनं १८३८ मध्ये सोडवलं, उजेडाला लाट धरून. मी हे वाचताना सारखी मनात आण्णांना सांगत होते, एकेक करत, बघा, असं, मग असं. सांगायला आता खूप साठलंय.

रिंग आमच्याकडं होती. आण्णांनी कधीतरी घरी आणलेली, नव्वदची, लहानपणापासनं ओट्याशेजारी. आई तिच्यावर गरम पातेलं ठेवते, कढी उतरवली की त्याच्यावर. बाहेरनं काळी पडलेली, आतनं मळकट तपकिरी. इतकी वर्षं मी धरून चालले होते की हीच ती, ज्यात रेघ हलत नव्हती, आण्णांनी आपलं चांगलं काम म्हणून जपून ठेवलेली. शनिवारी सईनं आणि मी ती चिंच-मीठ लावून घासली. दहा मिनिटांत आतनं तो जुना हळदीचा रंग वर आला, हाताला तोच धातूचा वास. मी त्यांची मखमली पेटी काढली, व्हर्नियर काढला, आत तीन ठिकाणी, मग पाच ठिकाणी मापलं. नव्वद. नव्वद. सगळीकडं नव्वद.

सकाळी साडेआठला गच्चीवर गेलो. खाली ग्राफपेपर, कोपऱ्यांवर दगड, ऊन तिरकं. रिंग ठेवली आणि तीन पडला, पिवळाधमक, चोच सूर्याकडं. सईनं रिंगेच्या कडेवर पेन्सिलीनं एक खूण केली, ती सूर्याच्या बाजूला आणली आणि दोन बोटांनी सावकाश फिरवायला सुरुवात केली. मी चोचीजवळ डोळा नेऊन बसले. चोच एका बारीक चौकोनाच्या रेषेवर होती. मग नव्हती. आत सरकली, मिलिमीटरभर, एका बाजूला जराशी झुकली, आणि परत रेषेवर आली.

"हललं आई."

"फिरव. थांबू नको."

परत सरकली, परत आली. खाली रस्त्यावरनं भाजीवाला ओरडत गेला, आई जिन्यातनं हाक मारत होती की चहा गार होतोय. सई मोठ्यानं मोजत होती. खूण फिरून परत सूर्याकडं आली तेव्हा चोच तिसऱ्यांदा आपल्या जागेवर येत होती.